श्रोते पुष्कळ झाले, आता विद्यार्थी बसवा

पत्र

मी 67 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. दीड वर्षापूर्वी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात मी ‘ज्ञानवर्ग’ सुरू केला. दर शनिवारी संध्याकाळी 5 वाजता कुणीतरी जाणकार येऊन बोलतात. मधुमेह, मृत्युपत्र, संतसाहित्य, बँकेतल्या ठेवी असे विषय असतात. सुरुवातीला पन्नासेक माणसं यायची. आता दहा-बारा येतात, तीही ठरलेली. त्यात एक निवृत्त तलाठी, एक पोस्टमास्तर, बँकेतले दोघे, एक प्राध्यापक. वक्त्यापेक्षा तेच जास्त बोलतात. बायका तर येईनाशाच झाल्या. मध्ये कॉलेजच्या मुलांना बोलावून एक दिवसाचं मोबाइल शिबिर घेतलं. हॉल भरला, पण आठवड्याने विचारलं तर कुणाच्याच लक्षात काही राहिलं नव्हतं.

मागच्या रांगेत एक आक्का येऊन बसायच्या. वय 74. त्यांच्या हातच्या गोधड्या गावात नावाजलेल्या. एकदा सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "बाई, मला माझं नाव लिहायला शिकवा. अंगठा द्यायची लाज वाटते." मी हो म्हटलं, पण या मंडळींमध्ये त्यांना अ-आ गिरवायला कसं बसवणार, याच विचारात राहिले. पुढे त्या आल्याच नाहीत. समितीचं म्हणणं, प्रोजेक्टर घेऊ, म्हणजे लोक येतील. मुलगा म्हणतो, "आई, या वयात कुणाला शिकायचं असतं? आता आराम कर." वर्ग बंद करू का?

उत्तर

ताई,

वर्ग बंद करू नका. शनिवारची व्याख्यानं मात्र काही महिने थांबवा, आणि शक्य असेल तर उद्याच आक्कांच्या घरी जा. दीड वर्षात तुमच्याकडे शंभरेक माणसं येऊन गेली असतील, पण मला काय शिकायचंय ते नेमकं सांगणाऱ्या त्या एकट्या आहेत. तुमचा वर्ग त्यांच्यापासून सुरू होतो.

तुमचं पत्र वाचताना मला जाणवलं ते हे, की तुम्ही वर्ग काढायला निघालात आणि तुमच्या हातून व्याख्यानमाला तयार झाली. व्याख्यानमालेला मी कमी लेखत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांचं विद्यापीठ झाली. पण व्याख्यानाला येतो तो श्रोता. तो ऐकतो, मान डोलावतो, आवडलं तर टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पुढच्या शनिवारी तो नाही आला तरी कुणाचं काही अडत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. काठावर बसून पोहणं ऐकलं म्हणून कुणाला पोहता येत नाही. मोबाइल शिबिराचंही तेच झालं. पन्नास माणसं, एकच दिवस, आणि फोन बहुतेक वेळ त्या मुलांच्याच हातात. मुलं भराभर दाखवत गेली, आजी-आजोबा बघत राहिले.

वयस्कर माणसांच्या बाबतीत या फरकावर एक चांगला अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2014 मध्ये प्रसिद्ध केला. 60 ते 90 वयाच्या दोनशेहून जास्त लोकांचे त्यांनी गट पाडले. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना कापडाचे तुकडे जोडून पांघरुणं शिवायला शिकवली, काहींना दोन्ही. आठवड्याला पंधरा तासांच्या आसपास, तीन महिने. आणखी एक गट नुसता एकत्र जमायचा, गप्पा मारायचा, सहलीला जायचा. तीन महिन्यांनी पाहिलं तर नवं कौशल्य हाताने शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली, नुसत्या जमणाऱ्यांची तेवढी नाही. एका अभ्यासावर सगळी मदार ठेवू नये, आणि आठवड्याचे पंधरा तास आपल्या केंद्रात कुणी देणारही नाही. पण तुमच्या हॉलमध्ये जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत त्याला हा अभ्यास दुजोरा देतो. आणि ती पांघरुणं म्हणजे आपल्या गोधडीचीच भावंडं, हे वाचून मला पुन्हा आक्काच आठवल्या. त्यांच्याकडे मी पुढे येते.

आधी त्यांच्या लाजेबद्दल. ही लाज हलकी समजू नका. निवृत्त प्राध्यापकांशेजारी बसून त्या पाटीवर नाव गिरवणार नाहीत, आणि त्यांनी तसं करावं अशी अपेक्षाही आपण ठेवू नये. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाची ‘आजीबाईंची शाळा’ तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ती 8 मार्च 2016 ला सुरू केली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या, गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर. फोटोत ते फार गोड दिसतं, आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. शाळा टिकण्याची कारणं मात्र वेगळी आहेत. एक म्हणजे मागणी आज्यांची होती. गावात ग्रंथवाचन चालायचं, तेव्हा आपल्यालाही पोथी वाचता यायला हवी होती, असं त्यांनी बोलून दाखवलं होतं. दुसरं, वर्गातल्या सगळ्या एकाच पायरीवर होत्या, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता. शिकवायला गावातलीच एक सून उभी राहिली आणि तिची सासूही वर्गात बसली. आणि वेळ दुपारची, कामं आटोपल्यानंतरची.

तुमच्या 5 वाजण्याच्या वेळेवर मी बराच विचार केला. घरातल्या बाईचा 5 ते 7 हा वेळ कसा जातो ते तुम्हाला मी काय सांगू? नातवंडं शाळेतून आलेली, चहा, दूध, दिवाबत्ती, रात्रीच्या भाजीची निवडानिवड. ही वेळ सोयीची आहे ती ज्यांना घरी चहा आयता मिळतो त्यांना. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची होती, कारण त्यांचे विद्यार्थी दिवसा राबत होते. बायका तुमच्या वर्गाला कंटाळल्या असं मला वाटत नाही. त्यांना तुमची वेळ जमेना. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी 2 ते 4 करून पाहा. नातवंड सोबत आणायची मुभा द्या. कोपऱ्यात एक सतरंजी आणि खडूचा डबा ठेवला की पुरे.

आक्कांसाठी केंद्रातच वर्ग हवा असं नाही. पहिले दोन महिने कुणाच्या तरी पडवीत बसा. त्या एकट्याच नसतील. त्यांच्या ओळखीत अंगठा देणाऱ्या आणखी तिघी-चौघी नक्की असतील, आणि त्यांना आक्काच घेऊन येतील, तुमच्या बोलावण्याने त्या येणार नाहीत. सुरुवात अ-आ-इ पासून करू नका. तुम्ही आयुष्यभर सहा वर्षांच्या मुलांना शिकवलंत, तो हात आता थोडा बदलावा लागेल. पहिल्या दिवशी त्यांचं नाव द्या. स्वतःच्या नावातली अक्षरं आली की त्याच अक्षरांनी नवऱ्याचं, मुलीचं, गावाचं नाव उघडत जातं. आणि हरिपाठ! सातारा जिल्ह्यातल्या 74 वर्षांच्या आक्कांना हरिपाठाचे अभंग पाठ असण्याची शक्यता खूप मोठी. जे तोंडपाठ आहे ते मोठ्या अक्षरांत समोर ठेवायचं, म्हणत म्हणत बोट फिरवायचं. कोणता शब्द कुठे येतो हे कानाला आधीच ठाऊक असतं, डोळ्याला फक्त ओळख पटवायची असते. ‘हरि मुखें म्हणा’ यातला ‘हरि’ एकदा सापडला की तो पानभर सापडत जातो. त्यानंतर रेशनकार्ड, पासबुक, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख, आणि एसटीची पाटी. पंचाहत्तरी पूर्ण झाली की एसटीचा प्रवास मोफत असतो. आक्कांना तो लवकरच मिळेल, तेव्हा कोणती गाडी कुठे जाते हे दुसऱ्याला विचारायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

तुमच्या जिल्ह्याला हे काम नवं नाही. प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम 1959 मध्ये साताऱ्यातूनच सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. आक्का तेव्हा सात-आठ वर्षांच्या असतील. मोहीम मोठ्यांसाठी होती, आणि शाळेच्या वयाची ती मुलगी बहुधा घरी धाकट्या भावंडांना सांभाळत होती. तिच्या वाट्याचं शिक्षण इतकी वर्षं राहून गेलं आहे. आताही सरकारी कार्यक्रम आहे. ‘उल्लास’ नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे, 15 वर्षांच्या पुढच्या कुणालाही त्यात नाव नोंदवता येतं आणि शिकवण्याचं काम स्वयंसेवक करतात. शेवटी 150 गुणांची चाचणी असते. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (योजना) यांच्याकडे चौकशी करा, तुम्हाला ती कचेरी अपरिचित नसेल. चाचणीला बसायचं की नाही हे मात्र आक्कांना ठरवू द्या. काहींना या वयात मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावावंसं वाटतं, काहींना परीक्षा म्हटलं की झोप लागत नाही. आणि चाचणी झाली म्हणून वर्ग संपवू नका. रोज वाचायला काही नसलं की आलेली अक्षरं पुसट होत जातात. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथल्या ग्रंथपालांना मोठ्या टायपातली पुस्तकं बाजूला काढून ठेवायला सांगा.

आता त्या जास्त बोलणाऱ्या मंडळींकडे वळू. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल थोडा वैताग आहे आणि तो मला समजतो. पण तलाठ्यांनी, पोस्टमास्तरांनी, बँकेतल्या दोघांनी चाळीस वर्षं रोज कुणाचं तरी काम करून दिलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नाही. ते व्याख्यानात मध्ये बोलतात ते त्यापायी. त्यांना शिकवायला बसवा. फ्रान्समध्ये तुलूझ इथे 1973 मध्ये ज्येष्ठांसाठी पहिलं ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ निघालं. तिथे प्राध्यापक शिकवायचे आणि ज्येष्ठ ऐकायचे. इंग्लंडमध्ये केंब्रिजला 1981 च्या सुमारास पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने आणि त्यांच्या सोबत्यांनी ही कल्पना उचलली, पण पद्धत उलटी केली. सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं, पदवी नाही, परीक्षा नाही, जो आज शिकवतो तो उद्या दुसऱ्याच्या वर्गात शिकायला बसतो. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांना ही दुसरी पद्धत फार जवळची वाटेल असं माझं मत आहे, कारण वक्ता शोधण्याची आणि मानधनाची काळजीच त्यात नाही.

तलाठी साहेबांना सातबारा शिकवू द्या. भाषण करून शिकवायचा नाही. प्रत्येकाने आपापल्या जमिनीचा उतारा आणायचा आणि समोर ठेवून बसायचं. गाव नमुना सात म्हणजे काय, बारा म्हणजे काय, हेक्टर-आर कसे वाचायचे, इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय, नवरा गेल्यानंतर वारस नोंद झाली का आणि आपलं नाव लागलं का. गावातल्या किती विधवा बायकांनी आपला उतारा स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला असेल? चार दुपारी द्या या एका विषयाला. तुमच्या आजवरच्या सगळ्या शनिवारांपेक्षा त्या चार दुपारी मला मोलाच्या वाटतात. पोस्टमास्तरांना हेच पासबुक आणि अल्पबचतीच्या अर्जांसाठी सांगा. प्राध्यापकांना इतिहासात रस असेल तर त्यांना मोडी शिकू द्या, म्हणजे पुढच्या वर्षी ते शिकवतील. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि साताऱ्याकडच्या घरांमध्ये ट्रंकेच्या तळाशी मोडीतले कागद हमखास सापडतात.

आणि या सगळ्यांना गोधडी शिकवायला आक्का. हे मी मनापासून सुचवते आहे. त्यांचं नाव लिहिणं थोडं हाताशी आलं की महिन्यातून दोन दुपारी त्यांचा गोधडीचा वर्ग ठेवा. जुन्या लुगड्यांचे थर कसे लावायचे, कडेपासून टाके घेत आत कसं यायचं, सुई कशी धरायची म्हणजे बोट दुखत नाही. बँकेतल्या निवृत्त साहेबांनी दोरा ओवायला धडपडावं आणि आक्कांनी त्यांना दाखवावं. ज्या खोलीत आपण कुणाला तरी शिकवलंय त्या खोलीत शिकायला बसायची लाज उरत नाही. आक्का केंद्रात परत येतील तर याच वाटेने.

मोबाइल शिबिर पुन्हा करा, पण एका दिवसाचं करू नका आणि पन्नास जणांचं तर नकोच. आठ-दहा माणसं, कॉलेजची चार-पाच मुलं, दर आठवड्याला एक तास, आणि एका तासात एकच काम. मुलांना पहिला नियम सांगा, की आजोबांचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. बोटाने दाखवा, तोंडाने सांगा, बटण त्यांनाच दाबू द्या. दुसऱ्या आठवड्यात नवं काही शिकवण्याआधी मागचं त्यांच्याकडून करून घ्या. प्रत्येकाने वही ठेवावी आणि पायऱ्या स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. ‘हिरवा फोन दाबला की बोलणं सुरू’ असं लिहिलेलं असलं तरी चालेल, कारण वही त्यांच्यासाठी आहे. पहिल्या तासाला फक्त अक्षरांचा आकार मोठा करून घ्या. ऑक्टोबरपर्यंत हयातीच्या दाखल्यावर या. ‘जीवन प्रमाण’चा दाखला आता फोनसमोर चेहरा धरून घरबसल्या देता येतो. आपलं निवृत्तिवेतन देणारं कार्यालय तो स्वीकारतं का, एवढं आधी विचारून घ्यायचं.

फसवणुकीवर मात्र एक पूर्ण तास द्या, आणि तो दर तीन महिन्यांनी पुन्हा द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, हे वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कायद्यात नाही. पोलिस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला डांबून ठेवत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. एका मुलाने शेजारच्या खोलीतून खोटा फोन करायचा आणि आजोबांनी तो कापायचा, असा सराव घ्या. धमकीचा आवाज ऐकल्यावर फोन बंद करणं हे भल्याभल्यांना जमत नाही, ते हाताला सवय लागूनच जमतं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, जितका उशीर तितकी ते अडवण्याची आशा कमी. आणि फसलेल्या माणसाला घरच्यांनी बोल लावू नयेत, म्हणजे तो लपवून ठेवणार नाही. कोणत्याही इतर अडचणीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे, तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगा.

समितीला प्रोजेक्टरबद्दल नम्रपणे नाही म्हणा. प्रोजेक्टर लावायचा तर दिवे घालवावे लागतात, आणि वयस्कर डोळ्यांना सगळ्यात जास्त गरज उजेडाची असते. त्या पैशात हॉलमध्ये जास्तीच्या ट्यूबलाइट येतील, पाठीला टेकू असलेल्या खुर्च्या येतील, दोन-चार भिंगं येतील, जाड पेनं आणि मोठ्या रेघांच्या वह्या येतील. संडासाला कमोड आणि धरायला दांडा नसेल तर तो खर्च सगळ्यात आधी करा. कितीतरी बायका दोन तास बाहेर बसायचं टाळतात त्याचं कारण तेवढंच असतं, आणि ते त्या कुणाला सांगत नाहीत. खुर्च्या रांगेत न मांडता गोल मांडा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना बोलणाऱ्याचं तोंड दिसायला हवं. असा माणूस दोन-तीनदा ‘काय? काय?’ करतो, मग गप्प होतो आणि चौथ्यांदा घरीच राहतो. आपण समजतो, त्याला रस नव्हता. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली, त्यात कमी ऐकू येणं आहे, उपचार न केलेली अधू नजर आहे आणि एकटेपणाही आहे. ही तिन्ही कारणं तुमच्या हॉलच्या दारात रोज उभी असतात.

मुलाबद्दल फार लिहीत नाही. त्याच्या बोलण्यात तुमची काळजी आहे. पण ‘या वयात कुणाला शिकायचं असतं’ याला उत्तर तुम्हाला आक्कांनीच दिलं आहे. त्याला आराम म्हणजे काय वाटतं ते एकदा विचारा, आणि तुम्हाला काय वाटतं तेही सांगा. आठवड्याला दोन दुपारी, एवढंच काम हातात ठेवा. बाकीचं वाटून द्या. शिकवायला इतकी माणसं झाल्यावर तुम्हाला तसंही रिकामं बसायला मिळेल, तेव्हा कुणाच्या तरी वर्गात स्वतः विद्यार्थिनी म्हणून बसा.

व्याख्यानं कायमची बंद करावीत असं मी म्हणत नाही. तीन-चार महिन्यांनी महिन्यातून एक ठेवा, दुपारी. पहिल्या व्याख्यानाला डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवा, आणि भाषण वीस मिनिटांत आटोपून उरलेला वेळ तपासणीला द्यायची विनंती करा. चष्म्याचा नंबर वर्षानुवर्षं न तपासलेली माणसं प्रत्येक गावात असतात. आक्कांना पहिल्या रांगेत बसवा. नाव गिरवण्याआधी त्यांना ते नीट दिसतंय ना, हे पाहून घ्यायला हवं.